सॅम्पल, नंबर, फोटो

“सॅम्पल लाया क्या?”

मशीद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीटवरच्या हत्यारांच्या दुकानात शिरलं की गल्ल्यावरचे शेठ मान वर न करता हा प्रश्न विचारायचे. ड्रिलचा कार्बन हवा असो, ग्राइंडरचं बेअरिंग असो की स्विच, जुना तुकडा खिशात असेल तर काम व्हायचं. नसेल तर हात हलवत परत घरी. वडिलांचं बोट धरून मी त्या गल्लीत पहिल्यांदा गेलो, त्याला आता चाळीसेक वर्षं होतील. वडील सुतारकाम करायचे आणि त्यांची हत्यारांची पेटी पुढे माझ्याकडे आली. पेटीबरोबर सुटे भाग शोधत हिंडण्याचं कामही आलं. एवढ्या काळात दुकानदाराचा प्रश्न बदलत गेला. आधी तो सॅम्पल मागायचा, मग नंबर मागू लागला, मग फोटो. आता बऱ्याचदा तो काहीच विचारत नाही, “नवीनच घ्या” म्हणून मोकळा होतो. हा मागोवा त्या बदलत्या प्रश्नांचा आहे.

आमचं कोपर दिवा आणि डोंबिवलीच्या मधलं. इथून मशीद बंदर गाठायला धीम्या लोकलने सव्वा तास लागतो. जाऊन-येऊन आणि चार दुकानं पालथी घालून अख्खा दिवस मोडायचा. हातावर पोट असलेल्या सुताराचा दिवस मोडला की रोज बुडतो. कार्बनची जोडी म्हणजे बोटाच्या पेराएवढे दोन काळे तुकडे, किंमत चहा-वड्याच्या आसपास. पण तिच्यापायी हातातलं काम थांबायचं आणि गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहायचं. सुट्या भागाची खरी किंमत त्याच्या बिलावर कधीच छापलेली नसते, हे मला त्या फेऱ्यांनी शिकवलं.

हा कार्बन मुळात झिजण्यासाठीच बनवलेला असतो. ड्रिल, ग्राइंडर, कटर, इलेक्ट्रिक रंधा यांच्यातली मोटर साधारण एकाच जातीची. मध्ये गरगर फिरणारं आर्मेचर, त्याच्याभोवती स्थिर फील्ड कॉइल आणि आर्मेचरच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर. स्प्रिंगने दाबलेले दोन कार्बन या कम्युटेटरवर घासत राहतात आणि फिरत्या भागाला वीज पोचवतात. कम्युटेटर महाग म्हणून तो टिकावा आणि स्वस्त कार्बनने झिजावं, अशी ती योजना. कार्बन वेळेवर बदलला तर मशीन वर्षानुवर्षं चालतं. बदलला नाही तर आतून ठिणग्या दिसू लागतात, कम्युटेटर जळतो आणि चहा-वड्याचं काम हजारांवर जातं.

वडिलांचं पहिलं ड्रिल रॅलीवुल्फचं. रॅलीज ही जुनी व्यापारी पेढी आणि वुल्फ ही इंग्लंडमधली हत्यारांची कंपनी, दोघींची नावं त्या एका नावात जोडलेली. कारखाना मुलुंडला, आमच्याच लाइनवर. लोकल मुलुंडला थांबली की वडील पश्चिमेकडे बोट दाखवून म्हणायचे, “आपलं ड्रिल इथलं.” धातूच्या अंगाचं ते मशीन चांगलंच वजनदार होतं आणि त्याला तीन पिनांचा प्लग अर्थिंगसह लावावाच लागे. आजच्या प्लॅस्टिकच्या अंगाच्या मशीनवर चौकोनात चौकोन अशी खूण असते. ती दुहेरी इन्सुलेशनची खूण, त्या मशीनला अर्थिंगची गरज नसते. हाताने चालवायचं विजेचं ड्रिल जर्मनीत श्टुटगार्टच्या फाइन कंपनीने १८९५ मध्ये बनवलं. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा घोडा असलेल्या ड्रिलचं पेटंट अमेरिकेत ब्लॅक अँड डेकरला १९१७ मध्ये मिळालं. आपल्याकडच्या सुताराच्या हाती मात्र ते पुष्कळ उशिरा आलं. ऐंशीच्या दशकातही अनेकजण हातड्रिलनेच भोकं पाडत होते.

त्या काळाची एक सोय होती आणि ती आज आठवून पाहावी अशी आहे. आयातीवर निर्बंध होते, कंपन्या मोजक्या, त्यांची मॉडेलंही मोजकीच आणि ती वर्षानुवर्षं तशीच निघायची. निवड कमी म्हणून सुटे भागही कमी प्रकारचे. नागदेवीच्या शेठला ते डोळे मिटून ओळखता यायचे. रॅलीवुल्फच्या जोडीला आपल्या मातीतलं दुसरं नाव म्हणजे केपीटी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळला १९७६ मध्ये सुरू झालेली कुलकर्णी पॉवर टूल्स, आताची केपीटी इंडस्ट्रीज. उसाच्या पट्ट्यातल्या तालुक्याच्या गावातून ड्रिल, ग्राइंडर आणि ब्लोअर देशभर जाऊ लागले, याचं मला आजही अप्रूप वाटतं. जवळच कोल्हापूरचं उद्यमनगर. बाजारात न मिळणारा भाग लेथवर करून देणाऱ्यांची ती वस्ती. मिळत नाही तर बनवू, ही तिथली रीत.

ती रीत डोंबिवलीतही होती, फक्त तिचं ठिकाण वेगळं होतं. आमच्याकडे मोटर वाइंडिंगचं दुकान चालवणारे एक काका होते. दुकान जेमतेम दहा फुटांचं, तारेची रिळं, वॉर्निशचा वास आणि भिंतीवर सुकायला टांगलेली आर्मेचरं. त्यांच्याकडे एक जाडजूड वही होती. जळालेलं आर्मेचर आलं की ते सोडवताना काका एकेक फेरा मोजायचे आणि वहीत लिहायचे: मशीनचं नाव, स्लॉट किती, कम्युटेटरच्या पट्ट्या किती, कॉइलला फेरे किती, तारेचं गेज कोणतं, कॉइलच्या टोकाची लीड डावीकडे की उजवीकडे. शेवटची नोंद सगळ्यांत महत्त्वाची. लीड चुकली तर फेरे बरोबर असूनही मशीन ठिणग्या टाकतं. कंपनीच्या कोणत्याही पुस्तिकेत ही माहिती नव्हती. कारण कंपनीच्या मते जळालेलं आर्मेचर बदलायचं असतं आणि काकांच्या मते ते पुन्हा भरायचं असतं.

आखातातून सुटीवर येणारी माणसं कधी कधी परदेशी मशीन घेऊन यायची. सौदीत तेव्हा बऱ्याच घरांत १२७ व्होल्टचा पुरवठा असे. तिथलं कमी व्होल्टचं ड्रिल आपल्या २३० व्होल्टच्या प्लगला लावलं की क्षणात धूर निघायचा. मशीन कितीही नामांकित असलं तरी पाटीवरचा आकडा वाचला नाही की ते गेलंच. काका अशा मशीनची पाटी आधी पुसून घ्यायचे, वाचायचे आणि मगच स्क्रूला हात घालायचे. पाटी वाचायची सवय मला त्यांच्यामुळे लागली.

काका गेले. दुकानाच्या जागी आता दुसरंच काही आहे. वहीचं काय झालं, हे त्यांच्या घरच्यांनाही सांगता आलं नाही. चाळीस वर्षांच्या मागोव्यातलं मला सर्वांत मोठं वाटणारं नुकसान हेच आहे. एवढी मशीनं त्या वहीमुळे पुन्हा फिरली, आणि तिची एक झेरॉक्सही कुणी काढून ठेवली नाही.

१९९१ नंतर बाजार उघडत गेला. बॉश, माकिता, हिताची ही नावं हळूहळू आमच्या गाळ्यांमध्ये दिसू लागली. मॉडेलं वाढली तसं शेठना डोळ्यांनी ओळखणं अवघड होत गेलं आणि प्रश्न बदलला: “नंबर बोलो.” अनेकांना हा प्रश्न त्रासाचा वाटला. मला तो मोठा मोकळा करणारा वाटला, कारण नंबर वाचता येणाऱ्याला दुकानदाराच्या आठवणीवर अवलंबून राहावं लागत नाही.

बेअरिंगचंच पाहा. ते कोणत्याही कंपनीचं असो, नंबर जगभर एकच असतो. ६०८ म्हणजे आतला व्यास ८ मिलिमीटर, बाहेरचा २२, जाडी ७. ६२०१ म्हणजे १२, ३२ आणि १०. चार आकडी नंबरात शेवटचे दोन आकडे आतल्या भोकाचा व्यास सांगतात: ०० म्हणजे १० मिलिमीटर, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७, आणि ०४ पासून पुढे पाचाने गुणायचं. नंबरापुढे दोन झेड असतील तर दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण, टू-आर-एस असेल तर रबराचं. धुळीत चालणाऱ्या ग्राइंडरला रबरी झाकणाचं बरं. एवढं ठाऊक असलेल्या माणसाला कंपनीच्या डब्यातलंच बेअरिंग हवं असं नाही. त्याच नंबराचं, पण चांगल्या कारखान्याचं बेअरिंग त्याला कल्याणच्या बाजारातही मिळतं.

मशीनवरच्या पाटीचंही तसंच. मॉडेलचं नाव मोठ्या अक्षरात असतं म्हणून आपण तेवढंच वाचतो. पण बॉशच्या मशीनवर दहा आकडी टाइप नंबर असतो आणि सुट्या भागांचा खरा पत्ता तोच. त्याच नावाचं मशीन पुढे आतून बदललं तर हा नंबर बदलतो. नाव सांगून आणलेलं आर्मेचर कधी कधी बसत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा इथेच असतं.

नंबर टिकतात, नावं टिकत नाहीत. मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे आपली मायको, २००८ मध्ये बॉश लिमिटेड झाली. स्टॅनली आणि ब्लॅक अँड डेकर २०१० मध्ये एक झाल्या. हिताचीची हत्यारं २०१८ पासून हायकोकी या नावाने येऊ लागली. आमच्या बाजारात मात्र आजही लोक “हिताचीचा सीएम-४” असंच म्हणतात. चार इंची मार्बल कटरच्या त्या मॉडेलची इतकी नक्कल झाली, की कटर कोणत्याही नावाचा असो, आर्मेचर “सीएम-४चं” म्हणूनच मागतात. एका मॉडेलचं नाव अख्ख्या जातीचं नाव होऊन बसलं.

ही नक्कल वाढली २००१ नंतर. त्या वर्षी १ एप्रिलला उरलेल्या ७१५ वस्तूंवरचे आयातीचे संख्यात्मक निर्बंध उठले आणि पुढच्या काही वर्षांत चिनी हत्यारांनी दुकानं भरून गेली. त्यांना सरसकट नावं ठेवणं मला पटत नाही. ज्या वेल्डरला, फर्निचरवाल्या पोराला स्वतःचं ग्राइंडर घेणं परवडत नव्हतं, त्याने ते घेतलं आणि तो मजुराचा कारागीर झाला. दिवा, कोपर, डोंबिवलीत इमारती उठत होत्या. त्यांच्या खिडक्यांचे ग्रिल आणि स्वयंपाकघरांतले ओटे अशाच स्वस्त मशीनवर कापले गेले. पण त्या मशीनबरोबर कागद येत नव्हता. एकाच साच्यातून निघालेली मशीनं वेगवेगळ्या रंगांत, वेगवेगळ्या नावांनी यायची, आणि ते नाव दोन वर्षांत बाजारातून गायबही व्हायचं. मागे भाग नाही, पत्ता नाही, विचारायला माणूस नाही.

सुट्या भागांतही डुप्लिकेट आलं. एकदा मी घाईत, निम्म्या किमतीचं आर्मेचर बसवलं. मापं जुळली, मशीन फिरलं, आणि तिसऱ्या दिवशी वास आला. आर्मेचरबरोबर शाबूत असलेली फील्डही जळाली. डुप्लिकेट भाग स्वतः जातो तेव्हा शेजारचा भाग बरोबर घेऊन जातो, हे मी पदरच्या पैशाने शिकलो. तेव्हापासून माझा नियम साधा आहे. बेअरिंग नंबरावर घ्यावं, कार्बन माप आणि दर्जा पाहून दोन्ही एकाच वेळी बदलावेत, आर्मेचर आणि स्विच मात्र खऱ्या डब्यातलेच घ्यावेत.

पुढचा प्रश्न फोनवरून आला: “फोटो भेजो.” २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला आणि कंपन्यांच्या सर्व्हिस आकृत्या माझ्यासारख्याच्या हातातल्या फोनवर उघडू लागल्या. या आकृतीत मशीन जणू हवेत उकललेलं असतं. प्रत्येक स्क्रू, सर्क्लिप, ओ-रिंग आपापल्या जागी, क्रमाने, आणि प्रत्येकापुढे नंबर. पूर्वी हा कागद फक्त सर्व्हिस सेंटरच्या कपाटात असायचा. तो पहिल्यांदा फोनवर पाहिला तेव्हा मला काकांची वही आठवली. त्यांनी आयुष्यभर मशीनं खोलून जे गोळा केलं, त्यातलं निदान अर्धं इथे उघड्यावर पडलं होतं.

त्या आकृतीचा खरा उपयोग २०२० मध्ये कळला. सप्टेंबर २०१९ मध्ये कोपरचा रेल्वेवरचा पूल धोकादायक म्हणून वाहतुकीला बंद झाला होता आणि डोंबिवलीच्या पूर्व-पश्चिमेत टेम्पो फिरवणं अवघड झालं होतं. मग मार्च २०२० मध्ये लोकलच थांबली. सर्वसामान्यांना ती पुन्हा मिळाली फेब्रुवारी २०२१ मध्ये, तीही ठरावीक वेळांत. एप्रिलमध्ये पुन्हा बंद, आणि ऑगस्टमध्ये लशीचे दोन डोस घेतलेल्यांसाठी सुरू. नागदेवी आमच्यासाठी जवळजवळ दीड वर्ष बंद होती. त्या काळात आम्ही व्हर्निअर कॅलिपर शेजारी ठेवून जुन्या भागाचे फोटो काढले, आकृतीतला नंबर त्यावर लिहिला आणि व्हॉट्सॲपवर पाठवून कुरिअरने भाग मागवले. ज्याच्याकडे नंबर होता त्याचं मशीन चालू राहिलं. ज्याने पाटी घासून टाकली होती किंवा पुस्तिका रद्दीत दिली होती, त्याचं मशीन माळ्यावर गेलं. पूल सप्टेंबर २०२१ मध्ये उघडला. माळ्यावर गेलेली सगळीच मशीनं खाली आली नाहीत.

आमच्या कोपर स्टेशनात दोन मार्ग एकमेकांना छेदतात. खालून मध्य रेल्वेची मुख्य लाइन मशीद बंदरकडे जाते. वरून दिवा–वसई मार्ग जातो आणि त्यावर पुढे भिवंडी रोड लागतं. ऑनलाइन मागवलेला माल जिथून निघतो, ती अवाढव्य गोदामं भिवंडीच्या परिसरात आहेत. एका पिढीने सुटा भाग खालच्या मार्गाने आणला, पुढची पिढी वरच्या दिशेकडून मागवते. फरक अंतराचा नाही. नागदेवीत भाग चुकला तर काउंटरवरच कळायचं. गोदामातून चुकीचा भाग आला तर तो परत जाऊन दुसरा येईपर्यंत आठवडा जातो. म्हणून नंबराची गरज पूर्वीपेक्षा आज जास्त आहे.

आणि आता चौथा टप्पा, तारेविना चालणाऱ्या मशीनचा. १८ व्होल्टच्या बॅटरीत लिथियमचे पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात, प्रत्येकी ३.६ व्होल्ट. यातला प्रचलित सेल म्हणजे १८६५०: व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५. म्हणजे इथेही आकडा माप सांगतो. पण सेल बदलून भागत नाही. त्यावर नियंत्रण करणारा सर्किट बोर्ड असतो, आणि तो एकदा अडला की नवे सेल घालूनही बॅटरी चार्ज घेईलच असं नाही. घाईत केलेल्या जोडणीतून आग लागण्याचा धोका वेगळाच. ब्रशलेस मोटरमध्ये तर कार्बनच नाही. झिजणारा भाग गेला ही मोठी प्रगती, आणि ती मी मनापासून मानतो. पण त्याच्या जागी आलेला बोर्ड बऱ्याचदा राळेत बुडवलेला असतो. तो बिघडला तर तपासायला बोट शिरत नाही, आणि नवीन बोर्डाची किंमत ऐकून माणूस नवं मशीन घेतो. काका असते तरी त्यांची वही इथे थांबली असती.

पुस्तिकांबद्दल एक वेगळी खंत आहे. माझ्या कपाटात सांभाळून ठेवलेल्या पुस्तिकांमध्ये डझनभर भाषा सापडतात, मराठी एकीतही नाही. ग्राइंडरची चक्ती फुटली तर कोणत्या दिशेला उडते, गार्ड का काढू नये, ड्रिल हातातून कधी उसळतं, ही माहिती ज्याच्या बोटांसाठी आहे त्यालाच ती वाचता येत नाही. असं असायलाच हवं का? किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू झालं, ते कारखान्याची आणि तिथल्या मालाची माहिती लोकांपर्यंत पोचवण्यासाठीच. पुढे त्याचं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. यंत्राबद्दल मराठीत, सामान्य माणसाला कळेल असं लिहिणं शंभर वर्षांपूर्वी जमलं होतं. आज ते जमणार नाही असं म्हणायला कुणाकडेही सबब नाही.

सरकारी पातळीवर हालचाल झाली आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचं पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं ही त्यासाठी निवडलेली चार क्षेत्रं. सुताराचं ड्रिल आणि वेल्डरचं ग्राइंडर यांना त्यात स्वतंत्र जागा मिळालेली नाही. दुसरीकडे १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत विजेची हत्यारं आहेत. मशीन कचरा झाल्यावर त्याची जबाबदारी कंपनीची, हे योग्यच आहे. पण ते कचरा होण्याआधीची, सुटा भाग आणि आकृती पुरवण्याची जबाबदारीही तितक्याच स्पष्टपणे लिहिली गेली पाहिजे. मॉडेल बंद झाल्यावर किमान दहा वर्षं भाग मिळावेत आणि त्यांची आकृती सर्वांना उघडी असावी, एवढी ही मागणी आहे. ज्याचं पोट त्या मशीनवर आहे, त्याच्यासाठी ती मोठी नाही.

चाळीस वर्षांकडे मागे वळून पाहताना माझा निष्कर्ष एकच आहे: मशीन मरतं ते बहुतेक वेळा भागावाचून नव्हे, त्या भागाच्या पत्त्यावाचून. सॅम्पल हरवतं, दुकान बदलतं, कंपनीचं नाव पुसलं जातं, जाणता माणूस जातो. लिहून ठेवलेला नंबर तेवढा मागे राहतो.

म्हणून वाचकांना विनंती आहे. आज घरी किंवा गाळ्यात असलेल्या प्रत्येक मशीनच्या पाटीचा स्पष्ट फोटो काढून ठेवा, कारण पाटी घासली जाते. पुस्तिका रद्दीत देऊ नका. नवं मशीन घेताना किंमत विचारण्याआधी त्याचा कार्बन, स्विच आणि बॅटरी कुठे मिळते ते विचारा आणि उत्तर मिळालं नाही तर ते मशीन घेऊ नका. आणि तुमच्या गल्लीत वाइंडिंगचं दुकान अजून चालू असेल, तिथल्या काकांकडे वही असेल, तर त्यांच्या परवानगीने तिची प्रत काढून ठेवा. आमच्याकडे ते राहून गेलं.